अडकणीवरचा ठिपका

बंदुका दुरुस्त करणारी बाई म्हटल्यावर लोकांच्या भुवया अजूनही वर जातात, आणि मिस्त्रीबाईंना त्या भुवयांची इतकी सवय झाली होती की एखाद्याच्या जागच्या जागी राहिल्या तरच त्यांना चुकल्यासारखं वाटायचं. वय एक्कावन्न. दुकान बापाचं, हत्यारं बापाची, परवानासुद्धा बापाचाच, नंतर स्वतःच्या नावावर करून घेतलेला. बापाला सगळे नुसतं मिस्त्री म्हणायचे. ते आता ब्याऐंशीचे होते आणि दुकानाच्या मागच्या खोलीत खाटेवर बसून असायचे. हात कापायला लागले त्या दिवसापासून कानशीला हात लावायचा नाही, असा त्यांनी स्वतःच स्वतःला दम भरला होता. पण कान शाबूत होते, आणि तोंडाचं तर विचारूच नका. कानस जरा वाकडी फिरली की आतून विचारणा व्हायची, लोखंड घासतेस की लाकूड?

एका मंगळवारी सकाळी दुकान उघडून दहा मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात गणिताचे मास्तर आले. नुकतेच निवृत्त झालेले, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावलेली, आणि काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं लांबडं काहीतरी. त्यांनी ते काउंटरवर हळूच ठेवलं आणि लगेच दोन पावलं मागे सरकले. त्यांच्या भुवया मात्र हलल्या नाहीत.

बाईंनी चादर सोडली. आत शेजारी-शेजारी दोन नळ्यांची बारा बोअरची बंदूक होती. अक्रोडाचा दस्ता, त्याच्या गळ्यापाशी बारीक, हातानं कापलेली जाळी. नळ्यांवर गंजाचे डाग होते, पण उघडताना तिनं जो आवाज केला तो ऐकून बाईंनी मान डोलावली. अशी बंदूक घाईत झालेली नसते.

"मला दोन गोष्टी हव्यात," मास्तर म्हणाले. "ही कुणी बनवली ते शोधून द्या. आणि त्यानं ती चुकीची बनवली होती, असं लिहून द्या."

"पहिलं शोधते," बाई म्हणाल्या. "दुसरं असेल तर लिहीन."

मास्तरांना ते पटलं असावं. त्यांनी आपणहून काउंटरसमोरचं स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं, फळ्यावर गणित मांडावं तसं, एकाखाली एक. बंदूक वडिलांची. इटलीची, एवढंच घरात माहीत. वडील गेल्यावर परवाना आईच्या नावावर झाला. वापरायचा मात्र थोरला भाऊ. मातीच्या उडत्या तबकड्या फोडण्याच्या स्पर्धांत त्यानं पाच-सहा कप मारले होते. एकोणचाळीस वर्षांपूर्वी, अशाच एका स्पर्धेच्या रविवारी सकाळी, मैदानावर, थोरल्यानं बंदूक उघडली, दोन काडतुसं भरली आणि उघडीच धाकट्याच्या हातात देऊन म्हणाला, धर जरा, तबकड्यांचं यंत्र बघून येतो. धाकटे तेव्हा एकोणीस वर्षांचे. त्यांना वाटलं, उघडी धरली तर काडतुसं निसटून पडतील. म्हणून त्यांनी ती बंद केली. बंद होता होताच उजव्या नळीचा बार उडाला. थोरला चार पावलं पुढे होता.

"माझं बोट चापावर नव्हतं," मास्तर म्हणाले. "मी पोलिसांना हेच सांगितलं. दोन दिवस सांगत होतो. तिसऱ्या दिवशी आई आली आणि म्हणाली, चुकून बोट लागलं म्हण आणि सुटून ये. मी तसं लिहून दिलं."

कोर्टानं पोरवयाकडे बघून सोडलं. आईनं सोडलं नाही. मास्तरांनी लग्न केलं नाही, त्याच घरात राहिले, आईचं सगळं केलं, आता ती अंथरुणाला खिळल्यावर तर उठवण्या-बसवण्यापासून सगळंच. पण घरी कुणी नवीन माणूस आलं की आई अजूनही सांगते, मला एकच मुलगा होता. डॉक्टरांनी महिने म्हणायचं सोडून आता आठवडे म्हणायला सुरुवात केली होती. ती गेली की परवाना संपणार, बंदूक सरकारजमा होऊन भट्टीत जाणार. त्याच्या आत मास्तरांना तिच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं. तू नव्हतास, एवढंच. माझ्यावर विश्वास नाही, तर कागदावर तरी ठेवेल, असा त्यांचा हिशोब.

ते गेल्यावर आतून आवाज आला. "कुणाचं काम?"

बाईंनी सांगितलं. आतली खाट करकरली. मग मिस्त्री म्हणाले, "परत देऊन टाक. जुनं लोखंड आहे, निस्तरत बसशील." बाईंना वाटलं, म्हाताऱ्याचं आज काहीतरी बिनसलंय. जुन्या लोखंडाला नाव ठेवणारा हा माणूस नव्हे. जुनं लोखंड हाती आलं की तो जेवण विसरायचा.

बंदुकीचा बाप शोधायचा म्हणजे तिला आधी नागडी करावी लागते. नळ्यांवरच्या पट्टीवर एके काळी बनवणाऱ्याचं नाव असणार, पण कुणा शहाण्यानं गंज काढायच्या नादात ते घासून सपाट केलं होतं. बाईंनी नळ्या वेगळ्या केल्या, पुढचं लाकूड उतरवलं आणि खालची बाजू पुसली. तिथे, जिथे गिऱ्हाइकाची नजर कधी जात नाही, सगळं लिहिलेलं होतं. सरकारी चाचणीचे दोन शिक्के. बिनधुराच्या दारूवर तपासल्याची खूण. एका चौकटीत रोमन आकडा, एकोणीस. इटलीत त्या काळी चाचणीचं वर्ष असं लिहायचे हे बाईंना ठाऊक होतं. दुसरं महायुद्ध संपलं ते वर्ष एक धरून मोजायचं. म्हणजे त्रेसष्ट. त्याच्याशेजारी दोन अक्षरं, बंदुकीचा नंबर, आणि लाकडाच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं काढलेला एक छोटा मासा.

मासा बघून बाई हसल्या. एवढा गंभीर कारागीर आणि आत मासा काढतो.

त्यांनी शिक्क्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली, ठसे उतरवले, फोटो काढले आणि इंटरनेटवर सापडेल त्या दारावर थाप मारली. चाचणीच्या सरकारी कचेरीला लिहिलं, जुन्या बंदुका जमवणाऱ्यांच्या एका मंडळाला लिहिलं, एका संग्रहालयाला लिहिलं. संग्रहालयानं पोच दिली आणि पुढे मूग गिळून बसलं. मंडळातल्या एकानं छातीठोकपणे एका बड्या कारखान्याचं नाव सांगितलं, दुसऱ्यानं त्याला वेड्यात काढलं, आणि तिसऱ्यानं दोघांना सोडून थेट बाईंनाच विचारलं, विकणार का? कचेरीनं मात्र दहा दिवसांनी नीट उत्तर दिलं. ती दोन अक्षरं एका डोंगराळ गावातल्या घरगुती कारखान्याची होती. एकट्या माणसाचा कारखाना, वर्षाला दहा-बारा बंदुका. माणूस केव्हाच वारला होता. पत्त्यावर आता नात राहत होती.

नात दातांच्या दवाखान्यात कामाला होती. तिचं उत्तर आलं तेव्हा बाईंनी ते फोनमधल्या भाषांतरयंत्रातून काढलं. यंत्रानं आपल्या अकलेप्रमाणे मराठी केलं होतं. आजोबांच्या वह्या आईनं फेकू दिल्या नाहीत, मासा त्यांचाच, कारण मासे पकडण्यापायी ते बायकोच्या शिव्या खायचे, आणि तुमच्या नंबरची बंदूक वहीत आहे, हे सगळं ठीक होतं. पुढे लिहिलं होतं, 'उजवा कुत्रा चांगला धरतो, डावा कुत्रा चांगला धरतो.' बाईंनी हे आत जाऊन मिस्त्रींना वाचून दाखवलं. एरवी ते हसून लोळले असते. आज त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. कुत्रा म्हणजे आतली, काडतुसावर आदळून बार उडवणारी हातोडी असणार, हे बाईंचं त्यांनाच सुचलं. ती बिचारी इटालियन माणसं हातोडीला तसं म्हणत असतील.

वहीच्या पानाचा फोटोही होता. तारीख, नंबर, लाकूड कुठून आणलं ते. खाली चापांचं वजन, म्हणजे किती जोर लावल्यावर बार उडतो ते. उजवा एक किलो आठशे, डावा दोन किलो. आणि शेवटची ओळ, जी यंत्रानं नशिबानं सरळ केली होती: 'हातोड्या चढवून पन्नास वेळा आपटून बंद केली. पन्नास वेळा धरली. विकायला हरकत नाही.'

नातीनं शेवटी विचारलं होतं, बंदूक अजून वापरात आहे का, कुणाच्या घरी आहे, ती माणसं खूश आहेत का. आजोबांच्या एकाही बंदुकीचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलेलं नाही, तुमच्यामुळे पहिल्यांदाच कळेल.

बाईंनी त्यावर काही लिहिलं नाही. त्यांनी ताणकाटा घेतला, रिकाम्या बंदुकीच्या चापाला आकडा लावला आणि ओढला. डावा जवळजवळ दोन किलोला सुटला. वहीत होता तसाच, इतक्या वर्षांनी. उजवा साडेसहाशे ग्रॅमला. त्यांनी पुन्हा ओढला. साडेसहाशे. मग त्यांनी हातोडी चढवून बंदूक जरा जोरात बंद केली. तिसऱ्या वेळी आत खट् झालं. चापाला कुणी हात लावलेला नव्हता.

मास्तर खरं बोलत होते. बाईंना क्षणभर इतकं बरं वाटलं की त्यांनी फोन हातात घेतला. मग म्हणाल्या, आधी उघडून बघू.

आतली हातोडी रोखून धरणारा एक तुकडा असतो, करंगळीच्या नखाएवढा. बापलेक त्याला अडकण म्हणायचे. पोलादाच्या या तुकड्याला पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून, बुडवून वरचा थर काचेसारखा कठीण केलेला असतो. चाप हलका हवा म्हणून कुणी अडकणीची धार घासली तर तो कठीण थर निघून जातो आणि आतलं मऊ लोखंड उघडं पडतं. त्याला पुन्हा पाणी द्यावंच लागतं. नाही दिलं तर चाप दोन-चारदा ओढताच, रिकामा असला तरी, धार गोल होते आणि अडकण कशाला अडकत नाही. बाईंनी उजवी अडकण चिमट्यात धरून भिंगाखाली घेतली. धार घासलेली होती. अतिशय सफाईनं, एका पातळीत, कसलेल्या हातानं. आणि गोल झालेली होती. पाणी दिलेलं नव्हतं.

अडकणीच्या बाजूला, पंचानं मारलेला, सुईच्या टोकाएवढा एक ठिपका होता.

बाई भिंग ठेवून बसून राहिल्या. हा ठिपका जगात दोनच माणसं मारत होती. घासून झालं, पाणी द्यायचं बाकी, असा तुकडा ओळखू यावा म्हणून मिस्त्रींनी ही पद्धत पाडली होती. पाणी देऊन झालं की ठिपका घासून टाकायचा. ठिपका आहे तोवर वस्तू दुकानाच्या बाहेर जाता कामा नये. बाईंना वयाच्या पंधराव्या वर्षी शिकवलेला हा पहिला नियम, आणि ठिपका ठेवून तुकडा जागेवर बसवला म्हणून त्यांनी एकदा बापाची थप्पडही खाल्ली होती. बापानं हात उगारल्याची तेवढीच एक वेळ. तेव्हा त्यांना वाटलं होतं, एवढ्याशा गोष्टीवरून काय हे.

त्या अडकण तळहातावर घेऊन आत गेल्या. मिस्त्रींनी बघितलंही नाही. "सापडला," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, आणि एकदा सुरुवात केल्यावर काही हातचं राखलं नाही. स्पर्धेआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी दुकान बंद करताना त्या बाई स्वतः बंदूक घेऊन आल्या होत्या, या मास्तरांच्या आई. परवाना त्यांच्या नावावर, म्हणून त्या. मुलाला उजवा चाप जड जातोय, रविवारी स्पर्धा आहे, आजच्या आज हलका करून द्या. मिस्त्रींनी घासून दिला. भट्टी विझवलेली होती. पाणी द्यायचं तर पुन्हा पेटवायची, दोन तास मोडायचे. त्या दारात उभ्या होत्या. शेवटी मिस्त्री म्हणाले, आज घेऊन जा, मुलाला हाताला कसा लागतो ते रिकामा ओढून बघू दे, पण सोमवारी परत आणा, आणि तोवर काडतूस भरू नका. त्या हो म्हणाल्या.

"स्पर्धा रविवारी आहे हे तुम्हाला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

"होतं."

"मग भरणार नाहीत असं कसं वाटलं तुम्हाला?"

मिस्त्री कापणारे हात मांडीखाली दाबून बसले. वाटलं नव्हतं, ते म्हणाले. दोन तास वाचले, एवढंच डोक्यात होतं. रविवारी दुपारी बातमी आली. त्यांना वाटलं, त्या बाई पोलिसांना सांगतील आणि पोलीस दारात येतील. आठ दिवस ते दाराकडे डोळे लावून बसले. कुणी आलं नाही. पोलिसांच्या तज्ज्ञानं बंदूक उघडलीसुद्धा नाही, पोरानं कबूलच केलंय म्हटल्यावर कशाला उघडतो. त्या बाई गप्प, म्हणून हे गप्प. "तू बारा वर्षांची होतीस," मिस्त्री म्हणाले. "परवाना गेला असता. आपण खाल्लं काय असतं?"

बाईंना त्या म्हाताऱ्याचा असा राग आला की तळहातावरची अडकण त्यांनी मुठीत आवळली. आणि रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, ते जास्त वाईट होतं. शाळेची फी, आईचं ऑपरेशन, हे दुकान, हा हातातला धंदा, सगळं त्या एकोणीस वर्षांच्या पोरानं भरलं होतं, आणि त्याला पत्ताही नव्हता.

"लिही," मिस्त्री म्हणाले. "माझं नाव घालून लिही. मी सही करतो."

बाईंनी लिहिलं. दीड पान झालं. कोणी बनवली, कुठे बनवली, वहीतली वजनं, पन्नास वेळा आपटणं, नंतर कुणी घासली, काय करायचं राहिलं, कुणाला काय बजावलं. मिस्त्रींनी खाली सही केली. त्यासाठी त्यांना दोन्ही हात लागले.

मास्तर गुरुवारी आले. त्यांनी कागद वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला, एका ओळीवर बोट ठेवून थांबले. मिस्त्री आतून भिंतीला धरत बाहेर आले होते आणि माफी मागायला काय शब्द वापरावेत ते न कळून नुसते उभे होते. मास्तरांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "बसा, पडाल." मग बाईंकडे वळून विचारलं, "आईला माहीत होतं?"

"मिस्त्रींनी त्यांना सांगितलं होतं."

"म्हणजे ती तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा तिला माहीत होतं."

 मास्तर बराच वेळ कागदाच्या कडेवरून नख फिरवत राहिले. मग त्यांनी जे मागितलं ते ऐकून बाईंना आपले कान फुटलेत की काय असं वाटलं. त्यांना दुसरा कागद हवा होता. त्यात मिस्त्री नकोत, आई नको, शुक्रवार नको. इटलीतल्या माणसानं अडकण मुळातच मऊ ठेवली, बनावटीत दोष होता, बस्स. "सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईला मी हा दाखवू?" ते म्हणाले. "तिच्यापुढे दोन आठवडे आहेत. मला तिला दोषी ठरवायचं नाहीये. मला फक्त ते एक वाक्य हवंय."

बाई म्हणाल्या, तो माणूस एकेक बंदूक पन्नास वेळा आपटून बघायचा. मास्तर म्हणाले, तो मेलाय, त्याला काय फरक पडतो. तुमचे वडील जिवंत आहेत, माझी आई जिवंत आहे.

बाईंनी लिहून दिला. मास्तरांची दया आली म्हणून लिहिला असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि दया खरीच होती. पण त्यात त्यांच्या दुकानाचं नावही बचावत होतं, आणि हे कळण्याइतक्या त्या हुशार होत्या. एका मेलेल्या, मासे काढणाऱ्या, कुणाचं काही वाकडं न केलेल्या माणसावर त्यांनी चार ओळींत एका जिवाचा ठपका ठेवला आणि खाली शिक्का मारला. खरा कागद त्यांनी फाडला नाही. पर्समध्ये ठेवला.

मास्तरांनी बाईंनाही सोबत नेलं, कारण आई आपलं एकट्याचं ऐकेल याची त्यांना खात्री नव्हती. दुपारचे तीन वाजले होते. खोली स्वच्छ होती, इतकी की एखाद्या माणसाचं सगळं आयुष्य ती पुसण्यातच गेलं असेल असं वाटावं. कपाटावर थोरल्याचे कप ओळीनं मांडलेले, चकचकीत. भिंतीवर त्याचा फोटो. दुसरा कुठलाच फोटो नव्हता. खाटेवर म्हातारी उशांना टेकून बसली होती, हाडांची मोळी झालेली, पण डोळे असे की बाईंना उगाच ओढणी सारखी करावीशी वाटली.

मास्तरांनी ओळख करून दिली, मिस्त्रींची मुलगी म्हणून. म्हातारीचे डोळे बाईंवर थांबले ते हललेच नाहीत. मास्तरांनी कागद वाचला. आवाज शाळेतला, स्वच्छ. दोष मूळ बनावटीचा होता, बंद करताना बार आपोआप उडण्याची शक्यता होती, धरणाऱ्याची चूक नव्हती. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग कागद पांघरुणावर ठेवून ते वाट बघत उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. बाईंना ते बघवेना.

म्हातारी म्हणाली, "मिस्त्री आहेत अजून?"

"आहेत," बाई म्हणाल्या.

"काही म्हणाले?"

"त्यांना आता काही आठवत नाही," मास्तरच घाईनं म्हणाले.

म्हातारीनं एक लांब श्वास सोडला. सुटल्याचा होता तो, बाईंनी ओळखला. तिनं कागदावर तळवा ठेवला, जरा चाचपला, आणि मुलाकडे न बघता म्हणाली, "असेल बाबा. परदेशी वस्तूचं काय सांगता येतं. तरी पण तू जरा सांभाळून बंद करायला हवी होतीस."

मास्तरांचे हात पाठीमागून सुटले आणि दोन्ही बाजूंना लोंबत राहिले.  बाईंचं डोकं फिरलं. पुढचं बोलायचं असं ठरवून त्या आल्या नव्हत्या.

"काकू," त्या म्हणाल्या, "माझ्या वडिलांना सगळं आठवतं. शुक्रवारी तुम्ही दारात उभ्या होतात तेसुद्धा."

मास्तर म्हणाले, "बाई, नको." पण बोलणं तोंडातून गेलेलं होतं. बाईंनी पर्स उघडली आणि खरा कागद खोट्या कागदाच्या शेजारी ठेवला. म्हातारीनं तो वाचायचा प्रयत्नही केला नाही. खालची वेडीवाकडी सही तेवढी बघितली.

"मी थोरल्याला सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्याच रात्री, जेवताना. मिस्त्री म्हणतात सोमवारपर्यंत भरू नकोस. हसला. म्हणाला, एका दिवसात काय होतंय. रविवारी सकाळी मी परत सांगायला उठले, तर तो बंदूक घेऊन गेलेला होता. तुला बरोबर घेऊन."

"आणि तू मला सही करायला लावलीस," मास्तर म्हणाले.

"मग काय त्याच्यावर घालू?" म्हातारीचा आवाज चढला आणि तिला खोकला आला. मास्तरांनी सवयीनं पाठीला हात लावून तिला पुढे झुकवलं, खोकला थांबेपर्यंत धरून ठेवलं, पुन्हा उशीला टेकवलं. ती दम खात म्हणाली, "गेलेल्या पोरावर? स्वतःच्या हातानं भरली आणि मेला, असं लोकांनी म्हणायचं? त्याला येऊन उत्तर देता आलं असतं का? तू होतास. जिवंत होतास. तुझं तू निभावून नेशील, असं वाटलं मला."

"नाही नेलं, आई," मास्तर म्हणाले.

म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. एकोणचाळीस वर्षांत इतकं सलग तिनं त्यांच्याकडे बघितलं नसावं. तिचा हात पांघरुणावरून त्यांच्या दिशेनं दोन बोटं सरकला आणि तिथेच राहिला, त्या दोन कागदांच्या मध्ये. मास्तरांनी तो बघितला. त्यांनी साडेतीनच्या गोळ्या डबीतून काढल्या, पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला, गोळ्या गिळल्याची खात्री करून घेतली, आणि मग बाईंना सोडायला दारापर्यंत आले.